गार्सिया द ओर्ता : निजामशाही दरबारचा फिरंगी वैद्य

पुण्याच्या पेठेंतील एखाद्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानांत गेलें म्हणजे ओळीनें मांडलेल्या डब्यांवर हिरडा, बेहडा, निशोत्तर, दालचिनी, हिंग, चोपचिनी अशीं नांवें वाचावयास मिळतात. हीं द्रव्यें आपल्याला इतकीं परिचयाचीं आहेत कीं, त्यांच्याविषयीं एके काळीं युरोपांतील मोठमोठ्या विद्यापीठांतून कडाक्याचे वाद चालत असत, आणि त्यांतील कित्येक वादांचा निवाडा एका फिरंगी वैद्यानें गोव्यांत आणि अहमदनगरांत बसून केला, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्या वैद्याचें नांव गार्सिया द ओर्ता. अरबी वैद्यकाचा महिमा युरोपांत ओसरूं लागला होता त्याच काळांत, त्या वैद्यकाला स्वतःच्या डोळ्यांची साक्ष देऊन न्याय मिळवून देणारा हा पुरुष होता.

ओर्ताचा जन्म पोर्तुगालांत, स्पेनच्या सरहद्दीजवळील कास्तेलो द व्हीद या लहानशा गांवीं १५०१ च्या सुमारास झाला. त्याचें घराणें मूळचें ज्यू. स्पेनच्या राजाराणीनें १४९२ मध्यें ज्यू लोकांस देशाबाहेर घालविलें, तेव्हां तें सरहद्द ओलांडून इकडे आलें होतें. परंतु पांचच वर्षांनीं पोर्तुगालच्या राजानेंहि आपल्या राज्यांतील ज्यूंस बळानें बाप्तिस्मा देवविला. अशा रीतीनें धर्मांत आलेल्या लोकांस ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, व त्यांच्या चुलीवर काय शिजतें आणि शनिवारीं त्यांच्या घरांत धुतलेलीं वस्त्रें कोण नेसतें यावर शेजारीपाजारी डोळा ठेवून असत. जुलमानें दिलेला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून नव्हता, हें आज कोणीहि विचारी ख्रिस्ती मनुष्य कबूल करील. पण त्या काळीं तसें बोलणेंहि धोक्याचें होतें. ओर्ताच्या सबंध आयुष्यावर या गोष्टीची छाया पडलेली आहे.

सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत त्यानें तत्त्वज्ञान व वैद्यक यांचा अभ्यास केला. तेथें जे ग्रंथ पढविले जात, त्यांत ग्रीक गालेनच्या बरोबरीनें अरबी ग्रंथकारांचाहि मोठा मान होता. हा मान त्यांस कसा मिळाला हें थोडक्यांत सांगितल्यावांचून ओर्ताची कामगिरी समजणार नाहीं.

इसवी सनाच्या आठव्या व नवव्या शतकांत बगदादच्या खलीफांनीं जगांतील विद्या आपल्या भाषेंत आणण्याचा उद्योग आरंभिला. या कामीं त्यांना धर्माची अडचण वाटली नाहीं. गालेनचे ग्रंथ अरबींत उतरविणारा हुनैन इब्न इस्हाक हा सिरियाई पंथाचा ख्रिस्ती होता, आणि खलीफांचे राजवैद्य पिढ्यान् पिढ्या बुख्तिशू या ख्रिस्ती घराण्यांतले होते. हारून अल् रशीदच्या वेळीं मंका नांवाचा हिंदी वैद्य बगदादेस होता, व सुश्रुताचा ग्रंथ त्यानें अरबीसाठीं समजावून दिला. पुढें राझी या महान वैद्यानें देवी आणि गोंवर हे दोन निराळे रोग कसे ओळखावे हें स्वतंत्र पुस्तकांत लिहिलें, आणि आपल्या अवाढव्य संग्रहांत ग्रीकांबरोबर चरकाचींहि मतें टिपून ठेविलीं. कॉर्डोव्हाच्या जहरावीनें शस्त्रक्रियेच्या हत्यारांचीं चित्रें काढून तीं वापरावीं कशीं हें शिकविलें. तेराव्या शतकांत इब्न अल् नफीस यानें रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून डाव्या कप्प्यांत पडद्याच्या छिद्रांनीं न जातां फुप्फुसांतून फिरून जातें, असें गालेनच्या विरुद्ध ठाम लिहिलें. परंतु या सर्वांवर कीर्तीचा कळस चढला तो इब्न सीना याचा. बुखाऱ्याजवळ ९८० मध्यें जन्मलेल्या आणि १०३७ मध्यें हमदान येथें वारलेल्या या पंडिताचा ‘कानून’ हा ग्रंथ पांच खंडांचा आहे, व त्याचा दुसरा खंड एकेरी औषधिद्रव्यांविषयीं आहे. बाराव्या शतकांत स्पेनमधील टोलेडो येथें क्रेमोनाच्या जेरार्डनें त्याचें लॅटिन भाषांतर केलें. तेव्हांपासून पुढें पांचशें वर्षें युरोपचा वैद्य त्यावरच तयार होत असे.

या भाषांतरांतच दुखण्याचें मूळ होतें. द्रव्यांचीं नांवें संस्कृतांतून फारसींत, फारसींतून अरबींत, अरबींतून लॅटिनांत जातांना इतकीं मोडलीं होतीं कीं, कोणतें नांव कोणत्या झाडाचें हें सांगणें कठीण झालें. ओर्ताच्या तरुणपणीं युरोपांत ग्रीक विद्येचें पुनरुज्जीवन होत होतें, आणि नव्या पंडितांनीं या गोंधळाचा सारा दोष अरबांच्या माथीं मारला. अरबांनीं ग्रीक ग्रंथ बिघडविले, त्यांना टाकून मुळाकडे वळावें, अशी हांकाटी सुरू झाली. वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांपैकीं हिरड्याचें झाड प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य बहुधा एकहि नव्हता, हा या प्रकरणांतला मौजेचा भाग होय.

ओर्ता १५२३ मध्यें आपल्या गांवीं परतला. कांहीं काळ त्यानें तेथें वैद्यकी केली व पुढें लिस्बनच्या विद्यापीठांत अध्यापन केलें. मार्च १५३४ मध्यें मार्तिम अफोंसो द सौझा या दर्यासारंगाच्या ताफ्याबरोबर तो हिंदुस्थानास निघाला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत गोव्यास उतरला. स्वदेशीं ज्यू वंशाच्या लोकांवर येऊं घातलेलें संकट त्याला दिसत होतें, असें मानावयास जागा आहे. दोनच वर्षांनीं, १५३६ मध्यें, पोर्तुगालांत इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायसभेची, स्थापना झाली. आरंभींचीं कांहीं वर्षें तो सौझाबरोबर स्वाऱ्यांत हिंडला. काठेवाड, दीव, वसई, साष्टी हे प्रदेश त्यानें पाहिले. घारापुरीचीं लेणीं पाहून त्यांचें वर्णन लिहून ठेवणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकीं तो एक होय. पुढें तो गोव्यांत स्थायिक झाला, तेथेंच त्याचें लग्न झालें, आणि वैद्यकीबरोबर औषधिद्रव्यें व रत्नें यांचा व्यापारहि त्यानें केला.

परंतु विद्येच्या दृष्टीनें त्याच्या आयुष्यांतील सर्वांत महत्त्वाचें स्थान गोवा नव्हे; तें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर. पुण्याहून सुमारें पंचाहत्तर मैलांवरील या शहरीं त्या वेळीं बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता. हें घराणें मोठें विलक्षण. बुऱ्हाणाचा आजा मूळचा ब्राह्मण असून त्याचे पूर्वज पाथरीचे होते, असें फेरिस्ता लिहितो. दरबारांत इराणी, तुर्की, अरबी हकीम होते, आणि विद्वान् शाह ताहिराचें तेथें मोठें वजन होतें. अशा ठिकाणीं एक पोर्तुगीज वैद्य बोलावला गेला व राजाचा मित्र बनला. ओर्तानें राजावर व त्याच्या कुटुंबांतील माणसांवर उपचार केले आणि राजानेंहि त्याला पुष्कळ द्रव्य दिलें; पण त्याहून मोलाची देवघेव निराळीच होती. राजा त्याला रोगांचीं व औषधांचीं अरबी नांवें शिकवी, आणि ओर्ता राजाला तींच नांवें लॅटिनांत सांगे. दख्खनच्या पठारावर सोळाव्या शतकांत एक सुलतान आणि एक नवा ख्रिस्ती समोरासमोर बसून एकमेकांस शब्द शिकवीत आहेत, हें चित्र आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत कोठें आढळत नाहीं. तलवारींच्या वर्णनांतून जागा उरेल तर हेंहि त्यांत यावें असें आम्हांस वाटतें.

नगरच्या हकिमांजवळ इब्न सीनाचा ग्रंथ मूळ अरबींत होता. ओर्ताला तो स्वतः नीट वाचतां येत नसे. म्हणून तो त्यांच्याकडून एकेक शब्द वाचवून घेई, आपल्या लॅटिन प्रतीशीं ताडून पाही, आणि मग तें द्रव्य बाजारांतून आणवून हातांत घेई. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच त्याचें समाधान होत असे. या पद्धतीनें त्याला दिसून आलें कीं, ज्या चुकांबद्दल अरबांस दोष दिला जातो त्यांतील बऱ्याच चुका लॅटिन भाषांतरकारांच्या आहेत, आणि हिंदी द्रव्यांच्या बाबतींत ग्रीकांपेक्षां अरबच सत्याच्या अधिक जवळ आहेत. याचें कारण उघड होतें. अरब व्यापारी शेंकडों वर्षें मलबार व कोंकणच्या बंदरांत येत होते. ग्रीक ग्रंथकारांनीं पुष्कळशीं द्रव्यें वाळलेल्या रूपांतच पाहिलीं होतीं. मात्र त्यानें अरबांचीहि भीड धरली नाहीं. जेथें इब्न सीना चुकला असें त्याला दिसलें तेथें तेंहि त्यानें लिहिलें. आपण स्पेनमध्यें असतों तर गालेनच्या विरुद्ध एक शब्दहि काढण्याचें धैर्य आपल्याला झालें नसतें, अशी कबुली त्यानें मोकळेपणानें दिली आहे.

हिरड्याचेंच उदाहरण घ्या. अरबी वैद्यकांत हलीलज, बलीलज आणि अमलज अशीं द्रव्यें येतात. आपल्या हरीतकी, बिभीतक व आमलक यांचींच हीं रूपें होत, आणि त्रिफळ्याचें अरबीकरण ‘इत्रीफल’ हें हकिमांच्या दुकानांत अजूनहि ऐकूं येतें. युरोपांतील औषधविक्रेते हिरड्याचे पांच प्रकार मानीत, आणि ते सर्व एकाच झाडाचीं निरनिराळ्या वेळीं तोडलेलीं फळें आहेत अशी अनेकांची समजूत होती. ओर्तानें झाडें पाहून सांगितलें कीं, हीं झाडें वेगवेगळीं आहेत, त्यांचीं पानें वेगवेगळीं आहेत, आणि तीं एका प्रांतांत मिळतात असेंहि नाहीं. आपल्याकडील कोणत्याहि गुराख्यास जी गोष्ट ठाऊक होती, ती युरोपच्या पंडितांस सांगावयास एवढा ग्रंथ लिहावा लागला!

दालचिनीच्या नांवाचाहि उलगडा त्यानें असाच केला. दार-चिनी म्हणजे चिनी लांकूड. ती साल मूळची सिंहलद्वीपाकडची; पण चिनी गलबतें ती हुर्मुझच्या बंदरांत आणीत, म्हणून इराणी लोकांनीं तिला चीनचें नांव दिलें, आणि पुढें पंडित तिचीं झाडें भलत्याच देशांत शोधीत बसले. चिंचेला अरब ‘तमर-इ-हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हणत. ज्यांनीं चिंच पाहिली नव्हती ते तिला खजुराची जात समजले. ओर्तानें स्पष्ट केलें कीं नांव केवळ सादृश्यावरून पडलें आहे. खजुराच्या झाडाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. द्रव्यांचीं नांवें अनेक भाषांत ताडून पाहण्याचें हेंच काम पांचशें वर्षांपूर्वीं अल् बेरूनीनें आपल्या औषधिकोशांत केलें होतें. पण तो ग्रंथ लॅटिनांत गेलाच नव्हता, त्यामुळें ओर्ताला नव्यानें सर्व वाट तुडवावी लागली.

हिंगाविषयीं त्यानें एक गोष्ट दिली आहे ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. विजयनगरास एका पोर्तुगीजाजवळ भारी किंमतीचा घोडा होता; परंतु त्याला वायूचा विकार असल्यामुळें राजा तो घेईना. धन्यानें घोड्याला पिठांतून हिंग चारला, तेव्हां तो बरा झाला व राजानें विकत घेतला. घोडा कशानें बरा झाला हें कळल्यावर राजाला मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. कारण त्याच्या मतें ज्यानें देव तृप्त व्हावे असें तें खाद्य होतें. आमटींत चिमूटभर हिंग नसला तर पानावरून उठणारे आपल्यांत अजूनहि आहेत, त्यांना राजाचें म्हणणें पटेल.

त्याच्या ग्रंथांतील सर्वांत गंभीर प्रकरण महामारीचें आहे. गोव्यांत या रोगानें माणसें एका दिवसांत, कधीं कधीं कांहीं तासांतच मरत. नाडी बुडते, घाम थंडगार सुटतो, तहान अनिवार लागते, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, अशीं लक्षणें त्यानें रोग्यांच्या अंथरुणाशीं उभें राहून टिपलीं. युरोपियन वैद्यानें हिंदुस्थानांतील पटकीचें केलेलें इतकें नेमकें वर्णन त्यापूर्वींचें उपलब्ध नाहीं. अरब या रोगाला हैजा म्हणतात हेंहि तो नमूद करतो, आणि इकडील लोकांचा शब्द म्हणून मोडशी हा आपला शब्द देतो. पोर्तुगीजांच्या तोंडीं त्याचा ‘मोर्देशीं’ झाला, आणि फ्रेंचांनीं त्यावरून ‘मोर द शिआं’, म्हणजे कुत्र्याचें मरण, असा भयंकर अर्थ काढला! मिरीं व जिरें घातलेली तांदळाची कांजी देणें, पायांना डाग देणें, हे येथील वैद्यांचे उपायहि त्यानें लिहून ठेवले आहेत, व ते हेटाळणीनें नव्हे.

येथील वैद्यांशीं त्याचें वर्तन मात्र सर्वत्र सारखें नव्हतें. मालुपा नांवाचा एक हिंदू वैद्य त्याच्या परिचयाचा होता व त्याच्या ज्ञानाचा तो आदरानें उल्लेख करतो. परंतु इतर वैद्यांना शरीररचना ठाऊक नाहीं, ते केवळ अनुभवावर चालतात, असें म्हणून त्यानें हात झटकले. ओर्तानें संस्कृत ग्रंथ वाचले नव्हते, आणि ते वाचून दाखविणारा कोणी बुऱ्हाणशहा त्याला भेटला नाहीं. ज्या अरबी ग्रंथांचा त्याला अभिमान होता त्यांतच सुश्रुताचा अंश मुरलेला होता, ही गोष्ट त्याच्या लक्षांत पुरती आली नाहीं असें दिसतें. शिवाय त्याच्या घरीं अंतोनिया नांवाची गुलाम दासी होती. रानांतून व बाजारांतून वनस्पती आणून समोर ठेवण्याचें काम तिचें. ग्रंथाच्या कित्येक पानांमागें तिची पायपीट आहे, परंतु तिच्या वाट्याला नांवापलीकडे कांहीं आलें नाहीं.

१५५४ च्या सुमारास व्हाइसरॉयनें त्याला मुंबईचें बेट भाडेपट्ट्यानें दिलें. पुढें जेथें इंग्रजांचा किल्ला झाला तेथेंच त्याचा वाडा होता असें सांगतात. त्या बेटावरील त्याच्या एका आंब्याला वर्षांतून दोनदां फळें येत, एकदां नाताळाच्या सुमारास आणि एकदां मे महिन्याच्या अखेरीस. याचा त्याला इतका अभिमान होता कीं, आंब्याच्या प्रकरणांत मुंबईचा खंडकरी सिमाओ तोस्कानो हा टोपली घेऊन येतो असा प्रवेशच त्यानें घातला आहे.

ग्रंथाची रचना संवादाची आहे. रुआनो नांवाचा एक काल्पनिक पंडित स्पेनहून नुकताच गोव्यास आलेला आहे, त्याच्या तोंडीं सर्व पुस्तकी विद्या. आणि उत्तरें देतो तो स्वतः ओर्ता. वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनांत लिहिण्याची चाल असतां त्यानें हा पोर्तुगीज भाषेंत लिहिला. गोव्यांत १५५६ मध्यें हिंदुस्थानांतील पहिला छापखाना आला होता. तेथेंच १० एप्रिल १५६३ रोजीं जोहान्नेस द एन्देम या मुद्रकानें तो छापून पुरा केला. मुद्रणदोष अतोनात; शुद्धिपत्रच पानोंपानीं लांबलें. त्याच पुस्तकांत पोर्तुगालचा महाकवि कामोईंश याची एक कविता छापली गेली, आणि त्याची छापून निघालेली ती पहिलीच कविता होय.

पुढच्याच वर्षीं क्लुसियस नांवाच्या प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाला लिस्बनमध्यें या पुस्तकाची प्रत मिळाली. त्यानें संवाद काढून टाकून त्याचा लॅटिन सारांश केला, व तो १५६७ मध्यें अँटवर्प येथें छापला. तो हातोहात पसरला, त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाल्या, आणि हिंदी औषधींविषयीं युरोपचें ज्ञान दीर्घकाळ त्यावरच उभें राहिलें. क्रिस्तोव्हाओ द कोश्ता यानें १५७८ मध्यें चित्रांसह जो ग्रंथ काढला, त्याचाहि पुष्कळ भाग ओर्ताचाच आहे. नगरच्या हकिमांनीं वाचून दाखविलेला शब्द अशा रीतीनें अँटवर्पच्या छापखान्यांत पोंचला. त्या हकिमांचीं नांवें मात्र तेथवर पोंचलीं नाहींत.

आतां शेवटची हकीकत. इन्क्विझिशन १५६० मध्यें गोव्यांत आलें. ओर्ताच्या आई-बहिणी त्यापूर्वींच पोर्तुगालांतील छळांतून सुटून त्याच्याकडे आल्या होत्या. व्हाइसरॉय व मोठे अंमलदार त्याचे रोगी आणि स्नेही असल्यामुळें तो हयात असेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाहीं. १५६८ मध्यें तो गोव्यास वारला व ख्रिस्ती विधीनें पुरला गेला. त्यानंतर थोड्याच काळांत त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यांत आलें. गुप्तपणें ज्यू धर्म पाळल्याचा आरोप तिच्यावर ठेविला गेला, आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजीं तिला जाळण्यांत आलें. तिच्या व इतर नातलगांच्या जबान्यांतून ओर्ताहि अंतःकरणानें ज्यूच राहिला होता असें निष्पन्न झाल्यावर मेलेल्यावर खटला चालला. ४ डिसेंबर १५८० रोजीं त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून काढून जाळण्यांत आलीं. जो मनुष्य आयुष्यभर दुसऱ्यांच्या ग्रंथांतील सत्यासत्य निर्भयपणें बोलला, त्याला स्वतःच्या घरांतील सत्य बारा वर्षें मातीखालींहि लपवितां आलें नाहीं. गोव्याचें इन्क्विझिशन कायमचें बंद व्हावयास १८१२ साल उजाडावें लागलें.

त्याचा ग्रंथ मात्र कोणास जाळतां आला नाहीं. लिस्बन येथें १८९१ ते १८९५ या काळांत काउंट फिकाल्यो यानें त्याची टीपांसह आवृत्ति काढली, आणि क्लेमंट्स मार्कहॅम याचें इंग्रजी भाषांतर १९१३ मध्यें प्रसिद्ध झालें. पणजीस चर्चच्या समोर जी सार्वजनिक बाग आहे तिला ओर्ताचें नांव दिलेलें आहे.